अकल्पित कशास म्हणावयाचे?

एखाद्या वाचनालयावर संकट कोसळले, की दुसऱ्या दिवशी जो शब्द सर्वांच्या तोंडी असतो, तो 'अकल्पित' हा होय. पाणी अकल्पितपणे आत शिरले, ठिणगी अकल्पितपणे पडली, छत अकल्पितपणे खचले, असे एकदा सांगितले म्हणजे सांगणाऱ्याचे कर्तव्य संपते, आणि ऐकणाराही सुस्कारा टाकून आपल्या उद्योगास लागतो. शब्द मोठा सोयीचा आहे खरा. कारण त्याच्या योगाने दोष दैवाच्या पदरी जातो आणि माणूस मोकळा होतो. परंतु कायद्याच्या अभ्यासाने आम्हांस एक खोड लागली आहे, ती ही, की साक्षीदाराने असा सोयीचा शब्द उच्चारला म्हणजे त्याचा अर्थ प्रथम त्यालाच विचारावा. म्हणून आज आम्ही विचारतो की, अकल्पित कशास म्हणावयाचे? जे कोणाच्याही कल्पनेत येणे शक्य नव्हते त्यास, की जे सर्वांच्या डोळ्यांसमोर असून कोणीच मनावर घेतले नाही त्यास?

हा प्रश्न आम्ही भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारखी गावे डोळ्यांपुढे ठेवून विचारीत आहोत. मोठ्या शहरांतील जुनी व धनवान ग्रंथालये आपली काळजी कशीबशी घेऊ शकतात. लहान गावातील वाचनालयाचे तसे नसते. ग्रामपंचायतीने दिलेली एखादी खोली, समाजमंदिराचा एखादा कोपरा, कोणा सद्गृहस्थाच्या जुन्या घराची माडी, हीच बहुधा त्याची वास्तू. तेथे चार कपाटे, दोन बाके, एक पंखा आणि संध्याकाळी दोन तास येणारा ग्रंथपाल, एवढा संसार. अलीकडे या संसारात अभ्यासिकेची भर पडली आहे. पोलीस भरतीची, तलाठ्याच्या जागेची, लोकसेवा आयोगाची परीक्षा देणारी शेतकऱ्यांची व यंत्रमाग कामगारांची मुले तेथे रात्री उशिरापर्यंत बसतात. कारण घरी एकाच खोलीत सात माणसे असताना अभ्यास होत नाही. म्हणजे आज गावच्या वाचनालयात केवळ ग्रंथच नसतात, तर आपल्या गावची उद्याची कर्ती पिढी तेथे दाराआड बसलेली असते. ज्या खोलीत इतके काही ठेवलेले आहे, त्या खोलीची सुरक्षितता हा क्षुल्लक प्रश्न आहे असे कोण म्हणेल?

प्रथम ग्रंथांचाच विचार करू. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ साली स्थापन झालेली संस्था. कोकणातील एका मध्यम गावाने दीड शतक जतन केलेले हे धन होय. जानेवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८६ वे अधिवेशन चिपळुणास भरले, ते याच संस्थेच्या यजमानपदाखाली. अशा या वाचनालयात २६ जुलै २००५ च्या महापुराचे पाणी शिरले आणि ग्रंथांची मोठी हानी झाली. चालकांनी व वाचकांनी धीर न सोडता संस्था पुन्हा उभी केली. पुढे सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीला पुन्हा पूर आला, शहर बुडाले, आणि हजारो पुस्तकांचा पुन्हा चिखल झाला. संस्थेच्या चालकांस दोष देण्याचा आमचा हेतू तिळमात्र नाही. उलट दोनदा बुडूनही जी संस्था दोनदा उभी राहते, तिच्यापुढे आम्ही नम्र होतो. आमचा प्रश्न समाजाला व सरकारला आहे. २००५ चे पाणी कोणी अकल्पित म्हटले, तर वादासाठी आम्ही ते क्षणभर मान्यही करू. पण २०२१ च्या पाण्यास तोच शब्द कसा लावावा? ज्या भिंतीवर पहिल्या पुराची खूण उमटली, ती भिंतच पुढील पुराची नोटीस नव्हती काय?

कायद्यात दैवी आपत्ती हा बचाव आहे. परंतु तो बचाव मांडणाऱ्यास दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: एक, आपत्ती मनुष्याच्या हातची नव्हती, आणि दुसरी, सामान्य दूरदृष्टीच्या माणसास ती आधी दिसू शकत नव्हती, अथवा दिसली तरी वाजवी उपायांनी टळू शकत नव्हती. पहिली गोष्ट पुराच्या बाबतीत सहज सिद्ध होते. दुसरी होत नाही. पाऊस आकाशातून पडतो हे खरे, पण दुर्मीळ ग्रंथांचे कपाट तळमजल्यावर जमिनीला टेकून ठेवावे, अशी आज्ञा काही आकाशातून होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली नगर वाचनालयाचीही अशीच दैना केली. कृष्णाकाठी आणि कोकणात वारंवार जे घडते, त्यास अकल्पित म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

आमच्या देशातच ही उदासीनता आहे असे नाही. फरक आहे तो अनुभवातून शिकण्यात. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर आला व तेथील राष्ट्रीय ग्रंथालय चिखलाने भरले. देशोदेशींचे तरुण आपण होऊन तेथे धावले आणि हातोहात ग्रंथ बाहेर काढू लागले. लोकांनी त्यांस 'चिखलातले देवदूत' असे नाव दिले. त्या आपत्तीतून भिजलेल्या ग्रंथांच्या उपचाराचे जवळजवळ एक नवे शास्त्रच वाढीस लागले. ओल्या पुस्तकास दोन दिवसांत बुरशी धरू लागते. भिजलेले पुस्तक जबरीने उघडू नये. उन्हात टाकू नये. थोडे ओले असेल तर पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यात उभे ठेवावे. फार असतील आणि हात अपुरे असतील, तर शीतगृहात गोठवून ठेवावीत, म्हणजे उपचारास उसंत मिळते. हे ज्ञान आज कोणासही उपलब्ध आहे. आमच्या तालुक्यात किती वाचनालयांच्या भिंतीवर या चार ओळी लिहिलेल्या सापडतील, हे वाचकांनी आपल्या मनाशीच ठरवावे. पूर ओसरल्यावर आमचे कार्यकर्ते मोठ्या कळवळ्याने भिजलेली पुस्तके कडक उन्हात पसरतात, आणि जे पाण्यातून वाचले ते उन्हात वाकडेतिकडे होऊन फुटते. कळवळा होता, ज्ञान नव्हते.

जर्मनीतील वायमार येथील आना आमालिया ग्रंथालयाची कथा याहून बोधप्रद आहे. जुनी इमारत धोक्याची आहे हे तेथील अधिकाऱ्यांस ठाऊक होते. ग्रंथ हलविण्यासाठी नवी जागाही सिद्ध होत आली होती. स्थलांतरास अवघे काही आठवडे उरले होते. इतक्यात २ सप्टेंबर २००४ रोजी रात्री आग लागली आणि सुमारे ५० हजार ग्रंथ भस्मसात झाले. सावध माणसालाही जर काही आठवड्यांचा विलंब इतका महाग पडतो, तर ज्यांनी विचारासच आरंभ केला नाही त्यांची काय कथा!

आता दूरचे देश सोडून आम्ही पुन्हा भिवंडीस येतो. कारण इमारत म्हणजे काय आणि ती पडते म्हणजे काय, हे या तालुक्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे शहरातील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली आणि अडतीसाहून कमी नव्हेत इतके जीव गेले. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे वर्धमान कंपाउंडमधील इमारत पडून आठ जणांचा बळी गेला. या घटनांचा वाचनालयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो वजनाचा आहे. कागद हलका असतो ही समजूत एका पानापुरती खरी आहे. पुस्तकांनी भरलेले कपाट ज्याने एकदा तरी सरकविण्याचा यत्न केला असेल, त्यास अधिक सांगणे नलगे. भारतीय मानक संस्थेने इमारतींवरील भाराचे जे प्रमाण ठरविले आहे, त्यात राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार धरण्यास सांगितले आहे. ग्रंथालयाच्या कपाटांच्या दालनासाठी मात्र तोच आकडा सुमारे ६०० किलोग्रॅम असून, कपाटे सव्वादोन मीटरहून उंच असल्यास तो आणखी वाढतो. म्हणजे घरासाठी बांधलेल्या माडीवर ग्रंथसंग्रह नेऊन ठेवणे, हे तिला बांधणाऱ्याने कल्पिले होते त्याच्या तिप्पट ओझे तिच्या उरावर ठेवण्यासारखे आहे. आता गावोगावी काय होते ते पाहा. कोणी दानशूर आपली जुनी माडी वाचनालयास देतो. गाव त्याचा सत्कार करते. कपाटे वर चढतात. दरसाल पुस्तके वाढतात. तुळईला किती झेपेल, हा प्रश्न सत्काराच्या गडबडीत कोणी विचारीत नाही. आणि पुढे विचारणे दात्याचा अवमान केल्यासारखे वाटते. पुराच्या भीतीने ग्रंथ वरच्या मजल्यावर न्यावेत, असा सल्ला देणाऱ्यांनीही आधी मजला तपासावा. नाहीतर पाण्यापासून वाचविलेले ग्रंथ खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर यावयाचे.

आणि मुलांची गोष्ट निघालीच आहे, तर ती अधिक स्पष्टपणे बोलली पाहिजे. ग्रंथ गेले तर ते पुन्हा छापता येतील, निदान काही तरी मिळतील. माणसाची दुसरी आवृत्ती निघत नाही. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत, जुन्या राजेंद्रनगर भागातील एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी अचानक घुसले आणि सनदी सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या तळघराची परवानगी सामान ठेवण्यापुरती व वाहनांपुरती होती. चालविले जात होते तेथे वाचनालय. आमचे वाचक क्षणभर थांबून या वाक्याचा अर्थ मनात उतरू देतील तर बरे होईल. देशाचा कारभार शिकण्यासाठी दूरच्या प्रांतांतून आलेली तीन मुले, राजधानीत, पुस्तकासमोर बसलेली असताना बुडाली. नदीने त्यांस बुडविले नाही. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे, या आमच्या राष्ट्रीय दुर्गुणाने बुडविले. राज्य परकीयांचे होते तेव्हा अशा प्रत्येक अनर्थाचा जाब आम्ही परक्यांस विचारीत होतो, आणि तो विचारणे योग्यच होते. आता राज्य आमचे आहे, नगरपालिका आमची आहे, परवाना देणारा आमचा आणि तो मोडणाराही आमचाच. स्वराज्याचा अर्थ इतकाच नव्हे की दोष देण्यास आता परका उरला नाही. त्याचा अर्थ असा, की दोष दूर करण्याचे सामर्थ्य आता आपल्या हाती आले आहे.

याच दिल्लीत १३ जून १९९७ रोजी उपहार नावाच्या चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरली. बाहेर पडण्याच्या वाटा जादा खुर्च्यांनी व बंद दारांनी अडविल्या होत्या. आपल्या गावच्या अभ्यासिकेत जाऊन पाहा. दार एक, त्यावर लोखंडी शटर, खिडक्यांस चोराच्या भीतीने पक्के गज, एकमेव जिन्याखाली जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, आणि त्या गठ्ठ्यांच्या शेजारीच विजेचा मीटर. एका सॉकेटवर तीन मोबाइल, एक पंखा आणि पावसाळ्यात भिंतीतून झिरपणारे पाणी. मुले रात्री एकाग्र व्हावीत, कोणी मध्येच उठून जाऊ नये, म्हणून बाहेरून कडी घालण्याची पद्धतही काही ठिकाणी असल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाही. हे सारे चांगल्या हेतूने होते. चोर आत येऊ नये ही काळजी आम्ही घेतली. माणूस बाहेर पडू शकावा ही काळजी घ्यावयाची राहिली.

सुरक्षिततेचा आणखी एक अर्थ आहे, व त्याविषयी आमचे बहुतेक चालक मौन पाळतात. अभ्यासिकेत मुलींची संख्या किती, आणि सायंकाळी सात वाजल्यानंतर किती? वाचनालयाच्या वाटेवर दिवा नसेल, आत स्वतंत्र शौचालय नसेल, दाराशी टवाळ मंडळींचा अड्डा असेल, तर मुलीवर काही संकट येण्यापूर्वीच तिचे वाचनालय बंद होते. घरची माणसे "उद्यापासून जाऊ नकोस" एवढे म्हणतात आणि प्रश्न मिटतो. या घटनेची नोंद कोणत्याही ठाण्यात होत नाही. तिला कोणी अपघात म्हणत नाही. परंतु १८४८ साली ज्या महाराष्ट्रात मुलींची शाळा काढून फुले दांपत्याने शेणाचे गोळे झेलले, त्या महाराष्ट्रात एका दिव्याच्या खांबावाचून मुलीचे शिक्षण थांबत असेल, तर आम्ही त्यास अपघाताहून मोठा अनर्थ समजतो. वाचनालयाचे दार सर्वांस खुले आहे अशी पाटी लावणे सोपे आहे. त्या दारापर्यंतची वाट सर्वांस सारखीच निर्धास्त आहे काय, ही खरी परीक्षा होय.

संकट निसर्गाकडूनच येते असेही नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि एका ग्रंथाविषयीचा राग शेकडो ग्रंथांवर काढण्यात आला. त्या ग्रंथातील मजकुराविषयी संताप वाटणाऱ्यांस तो व्यक्त करण्याचे शंभर सनदशीर मार्ग मोकळे होते. पण पोथ्यांनी कोणाचे काय केले होते? श्रीलंकेत जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय १९८१ च्या मे-जूनच्या संधिकाळी एका रात्रीत जाळण्यात आले आणि सुमारे ९७ हजार ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. या दोन्ही घटना हेच सांगतात की, वाचनालयाचे खरे कुंपण विटांचे नसून गावाच्या मनाचे असते. ज्या गावास वाचनालय आपले वाटते, त्या गावात जमाव दगड उचलतो तेव्हा त्याचा हात धरणारी चार माणसे त्याच जमावात असतात.

एवढे सांगितल्यावर आम्हांस जे उत्तर मिळेल ते आम्ही जाणतो. चालक म्हणतील, "आपले म्हणणे खरे, पण पैसा कोठून आणावा?" हे उत्तर खोटे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्या काळी हा कायदा पुढारलेला होता. परंतु त्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकराची तरतूद नाही, त्यामुळे सारा भार सरकारी अनुदानावर आणि गावच्या वर्गणीवर. अनुदानासाठी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले. सर्वांत लहान अशा ड वर्गातील वाचनालयास वर्षाकाठी ३० हजार रुपये मिळत. २०२२ साली ठरलेली साठ टक्के वाढ धरली म्हणजे ही रक्कम ४८ हजार होते. बारा महिन्यांनी भागले तर महिन्यास ४ हजार. यात ग्रंथपालाचे वेतन, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे आणि झाडलोट. ज्या ग्रंथपालास महिन्याकाठी मजुराच्या चार-सहा दिवसांइतकीच रक्कम हाती पडते, त्यानेच अग्निशामक, इमारत-तपासनीस आणि पहारेकरीही व्हावे, असे म्हणणे हा अन्याय आहे. आणि आम्ही तसे म्हणत नाही.

परंतु भिवंडी तालुक्यातील वाचकांस आम्ही एक दृश्य दाखवितो. या तालुक्यात आज रस्त्याच्या दोहों बाजूंस मैलोगणती गोदामे उभी आहेत. त्यांत देशभरचा माल येऊन पडतो: कापड, औषधे, चपला, दूरचित्रवाणी संच. त्या मालाचा विमा असतो. दाराशी पहारेकरी असतो. कोणता खोका कोणत्या फळीवर आहे याची नोंद असते. तरीही गोदामांना आगी लागतात हे आम्ही जाणतो. पण आग लागल्यावर काय गेले, याचा हिशेब तरी मालकापाशी असतो. त्याच रस्त्यावरील गावच्या वाचनालयात किती ग्रंथ आहेत, त्यांपैकी कोणते पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची दुसरी नोंद कोठे आहे, आणि उद्या सकाळी ते नसले तर भरपाई कोण देईल, असे विचारा. दाखल नोंदवही एकच असते, आणि तीही त्याच कपाटात असते. चपलांच्या जोडास जी काळजी मिळते ती ग्रंथास मिळू नये, हा दारिद्र्याचा प्रश्न नव्हे. किंमत कशास द्यावयाची याचा प्रश्न आहे.

विश्वस्ताचे कर्तव्य काय, हे १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याने एका वाक्यात सांगितले आहे: सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जशी काळजी घेईल, तशी विश्वस्ताने विश्वस्तनिधीची घ्यावी. तो कायदा खासगी न्यासापुरता आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण जी कसोटी एका कुटुंबाच्या पैशास लावावयाची, ती साऱ्या गावाच्या ग्रंथांस सैल करून लावावी, असे कोणता न्यायाधीश म्हणेल? चालकांनी स्वतःस एवढेच विचारावे: माझ्या मुलीला या खोलीत रात्री दहापर्यंत बसविण्यास मी निःशंकपणे तयार आहे काय? उत्तर 'नाही' असेल, तर दुसऱ्याच्या मुलीला तेथे बसविण्याचा अधिकार त्यांस कोणी दिला?

दुसराही एक आक्षेप आहे, व तो अधिक वजनदार आहे. काही अनुभवी कार्यकर्ते म्हणतील, "सुरक्षिततेच्या नावाखाली सरकारच्या हाती आणखी एक काठी देऊ नका. तपासनीस येईल, शेरा मारील, अनुदान थांबेल आणि लहान वाचनालये एकामागून एक बंद पडतील." ही भीती निराधार नाही. नियम करून पैसा न देणे ही सरकारांची जुनी खोड आहे, आणि आमचे स्वकीय सरकार तीतून मुक्त झाले आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. म्हणूनच आमची मागणी क्रमाने आहे: आधी पैसा, मग सल्ला, आणि अखेरीस नियम. परिरक्षणाच्या अनुदानास हात न लावता सुरक्षिततेसाठी निराळी रक्कम द्यावी; जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याने सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता व अग्निशमन दलाचा एक जाणकार यांस बरोबर घेऊन प्रत्येक वाचनालय एकदा पाहावे व उणिवा लिहून द्याव्यात; त्या दुरुस्त करण्यास मुदत व साहाय्य द्यावे; आणि त्यानंतरही जो चालक हात बांधून बसेल, त्यासच जाब विचारावा. २००६ साली झालेल्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यान्वये ज्यांस तो लागू आहे अशा इमारतींच्या मालकाने वा भोगवटादाराने आगविरोधी साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यावयाचे असते. लहान वाचनालयांसाठी हेच काम विनाशुल्क करून देण्यास सरकारास कितीसा खर्च येईल? ग्रंथालयांस साहाय्य करण्यासाठी १९७२ साली स्थापन झालेले राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान केंद्राच्या पातळीवर आहेच; त्याच्या योजनांचा लाभ कपाटे व इमारत यांसाठी घ्यावा, आणि अर्ज कसा करावा हे गावच्या मंडळींस शिकविण्याचे काम जिल्ह्याच्या कचेरीने करावे.

मात्र सरकारची वाट पाहत बसावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. कारण निम्म्या उपायांस पैसाच लागत नाही. पुढील रविवारी चार वाचकांनी एकत्र यावे. जिन्याखालचे व मीटरजवळचे रद्दीचे गठ्ठे हलवावेत. सर्वांत खालची फळी रिकामी करून कपाटाखाली विटा घालाव्यात. पुन्हा न मिळणारी पन्नास-शंभर पुस्तके निवडून ती निराळ्या, उंच जागी ठेवावीत, आणि कोणा विद्यार्थ्याच्या मोबाइलने त्यांची छायाचित्रे घ्यावीत. दाखल नोंदवहीच्या प्रत्येक पानाचेही छायाचित्र काढून ते दुसऱ्या गावी राहणाऱ्या एका विश्वासू माणसापाशी ठेवावे. माणसे आत असताना दारास बाहेरून कडी लागणार नाही, असा ठराव करावा. एका खिडकीचे गज आतून उघडतील असे लोहाराकडून करून घ्यावे. आग विझविण्याचे नळकांडे घ्यावे, आणि ते चालवावयाचे कसे, हे निदान पाच जणांस शिकवावे. भिंतीवरची शोभा म्हणून ते टांगू नये. मुलींस विचारावे की, तुम्हांस येथे येण्यास अडचण कोणती? आणि उत्तर ऐकून घेताना वाद घालू नये. वर्गणी जमेल त्या वर्षी ग्रंथांचा व इमारतीचा विमा उतरावा. एवढे केले तर पूर येणार नाही असे नाही, आग लागणार नाही असेही नाही. पण जे जाईल ते थोडे जाईल, आणि माणूस जाणार नाही.

रत्नागिरीस १८२८ साली, पुण्यास १८४८ साली आणि आमच्या शेजारी कल्याणास १८६४ साली ज्यांनी सार्वजनिक वाचनालये काढली, त्यांस ग्रंथ मिळणे दुर्घट होते, वाचक मिळणे त्याहून दुर्घट होते, आणि राज्य परक्याचे होते. त्यांनी आपल्या कल्पनाशक्तीच्या बळावर, जे अद्याप अस्तित्वात नव्हते ते डोळ्यांपुढे आणले: वाचणारा महाराष्ट्र. त्यांच्या वारसांकडून आम्ही त्याहून फार थोडी कल्पना मागत आहोत. पावसाळ्यात पाणी चढेल, जुन्या तारेतून ठिणगी उडेल, फार ओझ्याने माडी वाकेल आणि एकाच दारातून तीस मुले एकदम बाहेर पडू शकणार नाहीत, एवढेच कल्पावयाचे आहे. दिघाशीच्या व आसपासच्या गावांतील वाचनालयांचे जे चालक आहेत किंवा उद्या होऊ इच्छितात, त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, अशी आमची त्यांस विनंती आहे. आणि ज्यांनी हे वाचूनही काही केले नाही, त्यांनी पुढे एखाद्या सकाळी पंचनामा चालू असताना 'अकल्पित' हा शब्द निदान उच्चारू नये. तो शब्द वापरण्याचा त्यांचा हक्क आज संपला आहे.